नापास पाणी

दुपारच्या शांततेत पातेल्यावरचं झाकण खडखडलं. पाळण्यातल्या तान्ह्याने एक डोळा उघडला, घराचा अंदाज घेतला आणि मोठ्या मनाने पुन्हा मिटला. स्वयंपाकघरात सासूबाई काहीतरी उकळत होत्या. त्या नेहमीच काहीतरी उकळत. जे उकळलं नाही त्यावर त्यांचा विश्वासच नसे.

थोरली आईच्या मांडीवर आ करून बसली होती. वरचे दोन नवे दात आल्यापासून घरात तिचं नाव खारूताई पडलं होतं. त्या दातांवर खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा होत्या. सकाळीच दातांची डॉक्टरीण म्हणाली होती, "या रेघा फिक्या आहेत, काळजी नको. पण पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर आत हिरडीत घडणाऱ्या दातांनाही ते बाधेल. पाणी तपासून घ्या."

तेव्हापासून आईच्या डोळ्यांसमोर हिरडीच्या आत रांग लावून बसलेले ते बिचारे दात होते. त्यांच्यासाठी आताच काहीतरी करायला हवं होतं.

"प्रयोगशाळेची बाटली मी भरते," आतून सासूबाई म्हणाल्या. "तू बाळाकडे बघ."

चार दिवसांनी अहवाल आला. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या आत हवं ते फ्लोराइड दोन पूर्णांक चार निघालं. सासूबाईंनी कागद दोनदा वाचला, आणि नातवाला परीक्षेत कुणी मुद्दाम नापास केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"आपलं पाणी नापास?"

"आपलं कुठे, नळाचं," नवरा म्हणाला. त्या संध्याकाळी तो कोळशाचा फिल्टर असलेला एक जग घेऊन आला. याने फ्लोराइड जातं, असं दुकानदाराने म्हणे त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं.

"छाती दुकानदाराची, दात माझ्या लेकीचे," आई म्हणाली. "त्या जगातलंच पाणी पुन्हा तपासायला पाठवू."

पुन्हा बाटली आली, पुन्हा सासूबाईंनी ती हातातून काढून घेतली. या खेपेला तीन पूर्णांक दोन.

"जगाने वाढवलं?" नवरा जगाकडे बघत राहिला. मग त्याने तो उलटा करून तळही पाहिला.

बातमी जिन्याने वर गेली. वरचे निवृत्त मास्तर खाली आले, कागद नाकाजवळ धरून म्हणाले, "चार दिवसांत पॉइंट आठ. या वेगाने महिन्याभरात नळातून काय येईल, सांगता येत नाही." त्यांनी कुंड्यांना पाणी घालणं थांबवलं. त्यांची बायको विकतच्या पाण्याने चूळ भरू लागली. इमारतीत दोन तट पडले: एकाला टाकीचा संशय, दुसऱ्याला मास्तरांचा. रविवारी सहा माणसं गच्चीवरच्या टाकीत डोकावली. हाती लागला एक चेंडू, तोही मास्तरांच्याच नातवाचा.

आईने मात्र खारूताईचं नळाचं पाणी बंद केलं. वीस लिटरचा जार तिसऱ्या मजल्यावर चढवताना नवऱ्याच्या पाठीत उसण भरली. आता तान्ह्यालाही तिनेच उचलायचं, नवऱ्यालाही तिनेच उठवायचं.

सोमवारी सासूबाई देवळात गेल्या असताना प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला, कारण दोन्ही हात बाळाच्या लंगोटात होते.

"ताई, तुमच्या शेजारच्या गल्लीतलं पाणी एक पूर्णांक सहा आहे. लाइन एकच. तुम्ही पाण्याला काही करता का?"

"काही नाही हो. नळ, जग, बाटली."

"आणि पातेलं," खारूताई म्हणाली. "आजी आधी उकळते ना. ती म्हणाली, परक्या माणसांकडे कच्चं पाणी पाठवलं तर घराला नावं ठेवतील. आणि नापास झालं ना, म्हणून दुसऱ्यांदा तर अर्धं होईस्तोवर उकळलं."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. बाई हसू आवरत असाव्यात.

"ताई, उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. कोळशालाही ते दाद देत नाही. मर्यादेच्या थोडंच वर आहे तुमचं. ओट्याखाली आरओ फिल्टर बसवा, त्याने फ्लोराइड जातं; पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी त्यातून घ्या. मग आमच्याकडे थेट त्याच्या तोटीखालची बाटली पाठवा."

"आणि आतले दात?"

"ते अजून घडतायत ना? मग वेळेत आहात तुम्ही."

आईने बाळाच्या लंगोटाची गाठ मारली आणि तिच्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच आपले खांदे खाली आलेत.

आरओ बसला. नव्या तोटीखालची बाटली आईने स्वतः भरली, झाकण लावून प्रयोगशाळेत धाडेपर्यंत सासूबाईंपासून कपाटात लपवली, आणि चौथ्या दिवशी कागद आला: शून्य पूर्णांक दोन. नवरा कमरेला हात लावून का होईना, पण हसला. मास्तरांच्या कुंड्यांना पाणी मिळालं.

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग नातीची हनुवटी धरून त्यांनी तिचे दात एकेक करून पाहिले, जणू स्वतःच पेरले होते.

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "शेवटी उकळण्याचा गुण आलाच ना. बसवली त्या दिवशीच मी त्या नव्या तोटीलाही उकळत्या पाण्याने धुऊन काढलं." आणि नातीसाठी आणखी एक पातेलं चढवायला त्या आत गेल्या.

आई काही बोलणार, तेवढ्यात झाकण खडखडलं.

खारूताईने तिचा पदर ओढला. "आई," ती कुजबुजली, "आजीला कोण सांगणार?"