तलाव बचाव समिती तळाशी

तलावात उतरायची कल्पना चष्मेवाल्यांचीच. नगरपालिकेने पोहण्याचा तलाव बंद केला होता, पाणी सोडून दिलं होतं, आणि आता त्यात राडारोडा टाकून वर गाड्या लावायची सोय करायची होती. पहिला ट्रक सकाळीच फाटकात येऊन उभा राहिला. तलाव बचाव समितीच्या अध्यक्षाला काहीतरी करणं भाग होतं आणि अध्यक्ष होते बाजारात चष्म्यांचं दुकान असलेले चष्मेवाले.

"ट्रकपुढे आडवे पडू," औषधवाला म्हणाला.

"रस्त्यावर काय, कुणीही पडतं. आपण तळाशी बसू. सगळ्यात खोल जागी. टाका म्हणावं आमच्या डोक्यावर."

चष्मेवाले बोलून गेले खरे, पण त्या बाजूला ते कधी गेलेच नव्हते. चष्मेवाल्यांना पोहता येत नव्हतं. गेली नऊ वर्षं ते रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून तलावावर जात, ते तिथल्या शॉवरखाली अंघोळ करायला. घरात बाथरूम एक, आणि चार दिवसांसाठी आलेला मेहुणा सकाळी त्यात शिरला की दुकान उघडायची वेळ झाली तरी बाहेर येत नसे. मेहुणा अजून राहतोच आहे.

पण ओले केस आणि ओला टॉवेल घेऊन माणूस रोज बाजारातून जाताना दिसला की गाव त्याला पोहणारा ठरवतं. चष्मेवाल्यांनी पहिल्या वर्षी कंटाळ्याने खुलासा केला नाही, पुढे लाजेने. बायको तर त्यांचं बघूनच पाण्यात उतरली. गुडघ्यांपायी तिला जिना चढवत नव्हता. "तुम्ही रोज जाता, मग मला कसली भीती," म्हणत तिने दुपारच्या बायकांच्या बॅचला नाव घातलं आणि पन्नाशीत माशासारखी पोहू लागली. तलाव गेला तर तिचे पाय गेले, हे चष्मेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी समितीत ती नव्हती. त्या बॅचमधली एकही बाई नव्हती. "बैठका उशिरापर्यंत चालतात," असं त्यांनी तिला सांगितलं होतं. खोटं. जिला पाणी कळतं ती पाण्यावरून प्रश्न विचारते, आणि ते नको होते.

तर समिती निघाली. अध्यक्ष, औषधवाला आणि निवृत्त हेडमास्तर. उथळ भागातून चालत गेले, पुढच्या उतारावर शेवाळ होतं, तिथून तिघे ढुंगणावर घसरत थेट तळाशी पोचले. वरच्या गर्दीला तो आवेश वाटला. टाळ्या पडल्या.

नगरपालिकेचे साहेब धावत आले. काठावर माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. साहेबांनी घाम पुसला. "ठीक आहे. मान्य. तलाव बुजवत नाही. या वर."

आंदोलन इतक्या लवकर जिंकायचं असतं हे समितीला माहीत नव्हतं. चष्मेवाले उतारावर चार पावलं चढले आणि पाच पावलं खाली आले. दुसऱ्या वेळी औषधवाल्याने मागून रेटा दिला, तेव्हा दोघे मिळून हेडमास्तरांच्या अंगावर आले. भिंतीवरच्या शिड्या नगरपालिकेने आधीच भंगारात काढल्या होत्या.

"शिडी मागा ना," हेडमास्तर कुजबुजले.

"आणि उद्या पेपरात काय येईल? समिती खड्ड्यात?" चष्मेवाल्यांनी मान वर केली. "तोंडी नको. लेखी द्या."

दगडाला गुंडाळून लेखी आलं. सहीसुद्धा होती, शिक्काही होता.

"आता?" औषधवाल्याने विचारलं.

आता काही उरलं नव्हतं. नगरपालिकेला नळ दुरुस्त करायला महिना लागतो, तोवर गर्दी पांगेल, मग ट्रकवाल्याकडे गुपचूप दोर मागू, असा हिशेब करून चष्मेवाले ओरडले, "पाणी भरा. पाणी बघितल्याशिवाय समिती हलणार नाही."

गर्दीने मागणी डोक्यावर घेतली. साहेबांनाही फोनमध्ये बरं दिसायचं होतं. "आत्ता भरा," ते म्हणाले, आणि हेडमास्तरांच्या पाठीमागचा मोठा पाइप खाकरला.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा काठावर बायको दिसली.

"अहो, मान्य झालं ना सगळं? या की वर."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं. तुम्ही काय, पाणी भरलं की पोहतच याल." तिने शेजारणीला सांगितलं, "नऊ वर्षं एक दिवस चुकले नाहीत."

चष्मेवाल्यांना वाटलं, मघाशी राडारोडा पडला असता तर बरं झालं असतं.

पाणी कमरेला आलं. त्यांनी काठाकडे न बघता सांगितलं, "मला पोहता येत नाही."

"काय म्हणाले?" मागून कुणीतरी विचारलं.

त्यामुळे ते मोठ्याने, सगळ्या फोनांना ऐकू जाईल असं, पुन्हा सांगावं लागलं.

"मलाही येत नाही," औषधवाला म्हणाला. "मी गप्पांना येतो."

"मी बाकावर पेपर वाचतो," हेडमास्तर म्हणाले.

ट्रकवाल्याने विडी विझवली. "मग वाचवत काय होता?"

विचारता विचारता त्याने दोर सोडला. हेडमास्तर हलके, सरसर गेले. औषधवाला चप्पल सोडून गेला. चष्मेवाले भरल्या अंगाचे. हातभर वर गेले आणि धपकन परत आले.

"पाणी बंद करा," साहेब ओरडले.

"कशाला?" बायको म्हणाली. "भरू द्या. पाणीच आणेल त्यांना वर."

आणि पदर खोचून ती उतारावरून घसरत आली. पाणी छातीला लागताच तिने त्यांना उताणं केलं, हनुवटीखाली हात घातला. "पोट वर. अंग सोडा. माझा गळा धरू नका, अंग सोडा."

वर नुसतं आभाळ होतं. ती त्यांना हळूहळू ओढू लागली.

"नऊ वर्षं इथे काय करत होता?"

"अंघोळ."

"घरी काय झालं होतं?"

"तुझा भाऊ असतो आत."

तिने थोडा विचार केला. "मला सांगायचं. मी दार वाजवलं असतं."

यावर चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. पाणी चढत राहिलं, ती त्यांना ओढत उथळ भागाकडे नेत राहिली. मग त्यांच्या पाठीला फरशी लागली. काठावर लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, पण टाळ्या कुणासाठी ते स्पष्ट होतं.

"अहो, सोडा आता गळा. घोट्याएवढं पाणी आहे."

"सगळे बघतायत?"

"बघतायत."

"मग थोडा वेळ मी बुडालेलाच राहतो."