काळी रायफल आणि लोकरी मफलर

अग्निशमन दलाच्या सोडतीत काळी रायफल अर्लो हाउगनला लागली. सभागृहात असा हशा उसळला की माईकवरच्या माणसाला पुढचं नाव वाचता येईना. अर्लो दरवर्षी दलाला मदत म्हणून चार तिकिटं घ्यायचा आणि खिशात टाकून विसरून जायचा. पंचवीस वर्षांत त्याला साधी बॅटरीसुद्धा लागली नव्हती. लागली ती नेमकी ही.

अर्लो गावच्या शिकारी क्लबाचा अध्यक्ष. रायफल म्हणजे अक्रोडाचं लाकूड आणि निळसर पोलाद, बाकी सगळी खेळणी, हे त्याचं मत कुणी न विचारताही तो सांगायचा. लष्करी धाटणीच्या, प्लास्टिकच्या दस्त्याच्या या नव्या काळ्या रायफलीला तो 'व्हॅक्यूम क्लीनरची नळी' म्हणे. असल्या नळ्या मिरवणाऱ्यांमुळे साध्या शिकाऱ्यालाही बघून लोक बिचकतात, अशी त्याची खरी तक्रार होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. ओपलच्या हॉटेलात रोज सकाळी त्याच्यासमोर बसणाऱ्या ड्वेन कोल्स्टाडचं मत बरोबर उलटं. वजनाला हलकी, खांद्याला धक्का नाही, दस्ता हवा तसा लांब-आखूड होतो, मग लाकूड काय चाटायचंय, असं ड्वेन विचारायचा. गेली चार वर्षं अंड्यांबरोबर हा वाद वाढला जात होता.

याच वादाच्या भरात गेल्या हिवाळ्यात अर्लो भर हॉटेलात बोलून बसला होता, "ज्या दिवशी मी असल्या नळीतून एक गोळी झाडीन ना ड्वेन, त्या दिवशी आजोबांची रायफल तुझी."

आजोबांची रायफल म्हणजे अर्लोचा जीव. चापाखालचा लोखंडी दांडा खाली-वर केला की रिकामी पुंगळी बाहेर पडून नवं काडतूस आत जायचं, अशी ती जुनी बनावट. दस्त्यावर तीन पिढ्यांचे गाल टेकून लाकूड गुळगुळीत झालेलं. ती ड्वेनच्या घरात, त्या नळ्यांच्या शेजारी टांगलेली नुसती डोळ्यांसमोर आली तरी अर्लोच्या घशाखाली पाव उतरत नसे.

पण लागली म्हणून काय झालं? झाडायची कुठं होती? त्याने ती कपाटात कोंबली आणि विषय संपवला.

विषय त्याच्या बायकोने, वर्नाने, उकरून काढला. एके काळी क्लबाच्या स्पर्धेतली बक्षिसाची टर्की हमखास वर्नाच घरी आणायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि बंदुकीचा धक्का सोसेना, म्हणून तिने हे सगळं सोडून दिलं होतं. एका दुपारी ती काळी रायफल घेऊन क्लबाच्या मैदानावर गेली आणि तासाभराने परत आली ती शीळ घालतच.

"काही म्हणजे काही दुखलं नाही रे," ती म्हणाली. "यंदा मी उतरणार. फक्त वरची नेमाची दुर्बीण डावीकडे मारतेय, तेवढी लावून दे."

चाळीस वर्षं तिच्या रायफलीची दुर्बीण अर्लोच लावत आला होता. आणि दुर्बीण लावायची तर गोळी झाडावीच लागते. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं खरं, पण ती शीळ घालत भांडी घासायला लागली आणि त्याने रायफल उचलली.

धान्याच्या कोठारामागच्या जुन्या खडीच्या खाणीत तो चोरासारखा शिरला. दोनच गोळ्या, असं ठरवून. दोनाच्या चार झाल्या. पाचवी थेट मधोमध लागली, आणि काय सांगावं, गड्याला मजा यायला लागली. वीस गोळ्यांची पेटी कधी रिकामी झाली ते त्याला कळलंच नाही. एकच गोष्ट तो विसरला होता. तो डावखुरा. आजोबांची रायफल पुंगळी सरळ वर उडवायची; ही मात्र तापलेली पुंगळी उजवीकडे फेकते, म्हणजे डावखुऱ्याच्या थेट तोंडापुढून. शेवटची पुंगळी उडाली ती त्याच्या उघड्या कॉलरमध्ये शिरून मानेला चिकटली. अर्लो खाणभर नाचला.

मानेवर अर्धचंद्रासारखा लालभडक डाग उठला. वर्नाने हसत हसत मलम लावलं आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. पण गावातल्या कुठल्याही नेमबाजाला तो डाग बघताच कळलं असतं. म्हणून अर्लोने मफलर गुंडाळला. ऑक्टोबर अर्धा संपला होता तरी ऊन चटके देत होतं, त्यामुळे कारण सांगणं आलं. घसा बसलाय, असं तो खाणाखुणांनी सांगू लागला. मग ओपलने त्याची कॉफी बंद करून कांद्याचा काढा सुरू केला. चर्चमध्ये पाद्र्याने त्याच्या घशासाठी प्रार्थना केली. सगळ्यांत वाईट म्हणजे घसा बसलेल्याला वाद घालता येईना. ड्वेन समोर बसून काळ्या रायफलीचे गुण गायचा आणि अर्लोला काढा प्यावा लागायचा. मात्र ड्वेनच्या गाण्यातही पूर्वीचा जोर नव्हता. विषारी वेल लागून हाताला खाज सुटलीय म्हणत तोही हातमोजे घालून बसलेला असायचा.

स्पर्धेच्या दिवशी ऊन आणखीच तापलं. घसा बसलेला अध्यक्ष हुकूम कसे देणार, म्हणून कर्णा ड्वेनकडे गेला. अर्लोने आजोबांच्या रायफलीने आपली फेरी उरकली, निशाणं ठेवायच्या शेडमध्ये शिरला, रायफल भिंतीला टेकवली आणि मफलर सोडून वारा घेऊ लागला. तेवढ्यात नवे कागद न्यायला ड्वेन आत आला आणि मानेकडे बघतच राहिला.

"पुंगळी?" ड्वेनने विचारलं.

खोटं बोलून उपयोग नव्हता. अर्लोचा आवाज आता खरोखरच बसला. "वर्नासाठी दुर्बीण लावत होतो," तो म्हणाला. "पण नंतरच्या अठरा गोळ्या माझ्यासाठी होत्या. शब्द म्हणजे शब्द. घेऊन जा." आणि त्याने आजोबांची रायफल ड्वेनच्या हातात दिली. देताना त्याचे डोळे भरून आले.

ड्वेनने ती रिकामी असल्याची खात्री केली आणि दांडा झटकन खाली-वर केला. अगदी सराईतपणे. आणि दांडा मिटताच कळवळून हात झटकला.

अर्लो त्या हातमोज्याकडे बघत राहिला. "काढ तो."

ड्वेनने हातमोजा काढला. बोटांची मुळं सोललेली होती, नवशिक्याला असला दांडा सोलतो तशी.

"गेल्या महिन्यात लिलावात घेतली," ड्वेन खाली मान घालून म्हणाला. "हुबेहूब हिची जोडी. काय मस्त आवाज येतो रे त्या दांड्याचा. रोज संध्याकाळी नुसता ऐकत बसतो." मग त्याने रायफल परत अर्लोच्या हातात ठेवली. "मी काही पाहिलं नाही. तूही पाहिलं नाहीस."

बाहेर टाळ्या वाजल्या. टर्की वर्नाने जिंकली होती.

सोमवारी सकाळी अर्लोचा घसा अचानक मोकळा झाला. वादाचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. एकाच्या गळ्यात मफलर, दुसऱ्याच्या हातात मोजे, आणि दोघेही टेबलावर मुठी आपटत एकमेकांची अक्कल काढत होते. ओपलने समाधानाने काढ्याचं पातेलं उतरवलं आणि कॉफी ओतली. इतक्यात वर्ना आत आली. तिने पर्समधून मलमाची नळी काढून दोघांच्या बशांच्या मधोमध ठेवली.

"अर्धी अर्धी लावा," ती म्हणाली. "आणि ड्वेन, दांडा ओढताना बोटं सैल सोडायची. मला अर्लोच्या आजोबांनी शिकवलं होतं."