दीडशे वर्षांचा डावा हात

लाकडी मूर्तीचं मोल तिच्या वयावर ठरतं, आणि ते वय ठरवणारा माणूस नेहमी लांबून आलेला असतो.

बांदियागाराच्या कड्याखाली राहणाऱ्या अंतांदू लोहाराला हे पुरतं पटलेलं होतं. त्याच्या डोगोन जमातीत मूर्ती लोहारच कोरतो. त्याच्या बापाने पूर्वजांच्या वेदीसाठी कोरल्या. अंतांदू लांबून विकत घ्यायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी कोरी. त्याची कार्यपद्धती ठरलेली होती. मूर्तीवर बाजरीची पेज ओतावी. तीन आठवडे चुलीच्या धुरात टांगावी. मग वारुळात पुरावी (वाळवी मानधन घेत नाही). शेवटी एक हात मोडावा. उजवा मोडला तर शंभर वर्षं धरतात, डावा मोडला तर दीडशे. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आपण लबाडी करतो असं क्वचित मनात आलंच, तर तो कांद्याला पाणी द्यायला जाई. त्या वर्षी कांदा फार उत्तम आला.

एक दिवस भाची यासिगी आली. दोन मुलं पोटातच गेलेली, आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेले. वेदीवर ठेवायला तिला आई-बाळाची मूर्ती हवी होती. अंतांदूने जीव ओतून कोरली, आणि शेवटी सवयीने कोरायचा वाकस उलटा करून एक ठोका दिला.

"मामा, हिचा डावा हात कुठाय?"

"काळाच्या ओघात गेला."

"परवा तर लाकूड तोडलंस!"

"अगं, अस्सल दिसते त्याने."

"दिसून काय करू? ही बाळ धरणार कशानं? माझं दोनदा निसटलंय, मामा."

याला कार्यपद्धतीत कलम नव्हतं. अंतांदूने मूर्ती शेळ्यांच्या कोपऱ्यात टाकून नवं लाकूड घेतलं. सोळा वर्षांत एकही मूर्ती त्याने हातासकट हातावेगळी केली नव्हती. नऊ दिवस लागले, अंगठा दोनदा कापला. पण बाळाच्या पाठीवर पाचही बोटं घट्ट उमटली.

पावसाच्या तोंडावर यासिगीला मुलगी झाली. रडणं कड्यावर आपटून परत येई.

पुढे एक अभ्यासक आला. वेदीवरची मूर्ती पाहून हसला. "ही ताजी आहे. खरी नव्हे."

"हो साहेब," अंतांदू म्हणाला, "ही नुसती वापरायची."

मग साहेबांना शेळ्यांमधली दिसली. त्यांनी भिंग काढलं. "हा नसलेला हात म्हणजे विश्वातली पोकळी!"

अंतांदूला शरमल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा तो पाहुण्याशी खरं बोलला. "मीच मोडला, साहेब. पावसाच्या थोडं आधी."

साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं: 'इथला कारागीर पूर्वजांशी इतका एकरूप असतो.'

शेळ्यांमधली मूर्ती आता समुद्रापलीकडे एका संग्रहालयात काचेत उभी आहे. खाली चौदा ओळींची माहिती आहे. लोक आधी ती वाचतात, मग मूर्तीकडे बघतात, मग मान किंचित कलवतात. आपण गेलात तर आपणही कलवा, आणि थोडा जास्त वेळ थांबा. किती वेळ थांबायचं, हे मागच्यांना आपल्यावरूनच कळतं.