पलटणीचा पेच

फौजेतून निवृत्त झालेल्या नाथाजी हवालदारांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला, तरी रुबाब तसूभरही कमी झाला नाही. बोलणं जड झालं होतं, चालताना काठी टेकत पाय ओढावा लागायचा, पण त्याचं त्यांना विशेष काही वाटत नव्हतं. एका हातानं फेटा बांधता येत नाही, हे मात्र जिव्हारी लागलं होतं. बोडक्या डोक्यानं ते उंबरा ओलांडायला तयार नसत. औंधला भाच्याचं लग्न ठरलं, तेव्हा कुठे त्यांनी बायकोला, रंगूबाईंना, फेटा शिकवायला घेतला.

घागर पालथी घालायची, तिलाच डोकं समजून समोरासमोर बसायचं आणि शिकवणी सुरू.

"कानावरनं माघारी घे. ताण. ताण की!"

"ताणतीयच की. तुमी वराडू नगा."

रंगूबाई हुशार. हवालदार दाखवतील तसं त्या तंतोतंत करीत. पण समोर बसून शिकल्यामुळे सगळे पेच उलट्या अंगाला पडायचे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. घरातला आरसा तळहाताएवढा, त्यात फक्त मिशा दिसायच्या.

"मी बांधला म्हणून कुटं सांगू नगा," गाडीत बसताना रंगूबाई म्हणाल्या.

"खुळी का काय! बायकूकडनं फेटा बांधून घेतो म्हटल्यावर मंडपात तोंड कसं दाखवू?"

मंडपात पाऊल टाकताच मेहुण्यांनी, म्हणजे नवरदेवाच्या बापानं, भाऊसोंनी गाठलंच.

"हवालदार, शेमला ह्या अंगाला कसा वो?"

हवालदारांनी खांदा चाचपला. फेट्याचं मागं सोडलेलं टोक खरंच भलत्याच खांद्यावर होतं. पण शिपाईगडी तो, डगमगतो कसला!

"पलटणीचा नवा पेच हाय, दाजी."

लढाईचे दिवस. घरटी एक पोरगा फौजेत. पलटणीचं म्हटल्यावर मंडपातल्या तरण्या पोरांनी भराभर आपापले फेटे सोडले आणि उलटे बांधायला घेतले. कुणाचा कानावर उतरला, कुणाचा नाकावर आला. हवालदार मिशीत हसत होते, तोच भाऊसोंनी नवरदेवाला पुढ्यात आणून बसवलं.

"अर्जुनालाबी ह्योच पेच बांधा. मामाचाच मान हाय त्यो."

हवालदारांचं हसू जिरलं. गुलाबी फेटा मांडीवर येऊन पडला. वाजंत्री थांबली, भटजी मुहूर्ताची घाई करू लागले. हवालदारांनी डाव्या हातानं एक वेढा दिला, तो घरंगळून अर्जुनाच्या गळ्यात पडला. दुसराही तिथंच गेला. कपाळावर घाम आला. लोक एकमेकांकडे बघू लागले.

रंगूबाईंना ते बघवेना. पदर खोचून त्या बायकांतून उठल्या आणि भर पुरुषांतून चालत आल्या.

"आवं, तुमी श्येव धरा."

"लोकं बघत्यात," हवालदार पुटपुटले.

"बघू द्यात. म्हूर्त चाललाय."

हवालदारांनी डाव्या मुठीत फेट्याचं टोक धरलं. रंगूबाई वेढे देऊ लागल्या. हवालदारांनी ताणायचं, रंगूबाईंनी फिरवायचं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणाचं काही चुकलंही नाही. बघता बघता अर्जुनाच्या डोक्यावर तसाच उलट्या पेचाचा देखणा फेटा उभा राहिला.

भाऊसोंच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. "म्हंजे तुमचा फेटाबी वैनींनीच बांधला व्हय?"

रंगूबाईंनी मान खाली घातली. हवालदारांनी मात्र काठी टेकली आणि परेडला उभं राहावं तसे ते ताठ उभे राहिले. पलटणीत शौर्याचा बिल्ला मिळाला त्या दिवशीही त्यांची छाती इतकी फुगली नव्हती.

"व्हय. हिनंच बांधला. माझं दोन्ही हात धड व्हतं तवा असा कवा बसला न्हाई."

भाऊसोंनी लगेच आपला फेटा उतरवला आणि रंगूबाईंपुढे डोकं वाकवलं. "वैनी, मग आमचाबी बांधा की!"

हवालदारांनी मध्ये काठी आडवी घातली.

"ह्यो फेटा आमच्या दोघांचा हाय, दाजी. तुमच्या घरात माझी भन हाय, तिला शिकवा. लय दिस तिच्या म्होरं मान खाली घालून गप बसावं लागतंय, मगच जमतंय."

मंडपात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं हसली ती भाऊसोंची बायको.