मस्कतहून आणलेली दुखणी

मस्कतहून सुट्टीवर येणारी माणसं टेपरेकॉर्डर आणायची, सेंटच्या बाटल्या आणायची, गुलगुलीत ब्लँकेटं आणायची. आमचा बबन साळवे दुखणी आणायचा.

मी मोहोपाड्याला कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दर उन्हाळ्यात बबन घरी आला की दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात हजर. कडक इस्त्रीची पँट, डोळ्यांवर काळा गॉगल, मागोमाग सुमनवहिनी. डॉक्टरांपुढे बसला की वर्षभराची दुखणी एकेक करून बाहेर काढायचा. दिवाळीतली दाढ, थंडीतला खोकला, मध्ये कधीतरी मुरगळलेला गुडघा.

"डॉक्टर, खोकला जुना हाय, पन जपून आनलाय."

डॉक्टर नळी लावून म्हणायचे, "अरे, हा कधीच बरा झालाय."

बबनचं तोंड एवढंसं व्हायचं. "नीट ऐका की जरा. तिकडं लय होता."

वहिनी आमच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांच्या कार्डावर घरच्यांना औषधपाणी मिळायचं आणि नवरा म्हणून बबनचं नाव त्यावर होतं. तेवढ्या आधारावर हा गडी समुद्रापलीकडे राहून आमच्याकडे उपचार घ्यायचा. पहिल्या वर्षी तर कार्डच खिशात घालून मस्कतला गेला. तिथे कामावर पाइप लागून खांदा सुजला, तेव्हा तिथल्या दवाखान्याच्या खिडकीत त्यानं ते ऐटीत पुढे केलं. सगळं मराठीत छापलेलं. खिडकीतल्या माणसानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "मानूस अडानी होता वो," असं बबनचं मत. इकडे वहिनी तापानं फणफणल्या आणि त्यांचं कार्ड मस्कतला. डॉक्टरांनी औषध दिलं खरं, पण बबन आल्यावर त्याला असा फैलावर घेतला की पुन्हा त्यानं कार्ड हलवलं नाही. त्याऐवजी दुखणी इकडे आणायला लागला.

"बबनदादा, दुखलं की तिथल्या तिथे दाखवावं माणसानं," मी कितीदा सांगितलं.

"दुखनं थांबतं वो भाऊ. त्येला फक्त तारीख द्यायची."

हे त्याचं पालुपद. कॉलनीतली पोरंसुद्धा परीक्षेच्या दिवशीच्या पोटदुखीला तारीख द्यायला लागली होती.

आमच्या दवाखान्याची एक रीत होती. इंजेक्शननं कुणाकुणाला चक्कर यायची, म्हणून सुई टोचण्याआधी मी बाहेरच्या बाकाकडे हाळी द्यायचो, "बरोबर कोण?" कुणीतरी ओ दिली की मगच सुई. नंतर त्या माणसानं पेशंटला घेऊन बाकावर थोडं बसायचं. बबनच्या वेळी वहिनी पदर सावरत म्हणायच्या, "मी हाय." मग दोघं बाकावर. तो दंड चोळतोय, ती त्याचा गॉगल पदरानं पुसतेय. चक्करबिक्कर काही नसायची, पण उठायचं नाव नाही.

एकदा मी खोदून विचारलं, "काय हो, तिकडे तुमची कंपनी काहीच बघत नाही का?"

"बघते की. मोटा दवाखाना हाय. फुकट. आत थंडगार हवा."

"मग ही दाढ वर्षभर कशाला सांभाळली?"

त्यानं बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तितं कोन इचारत नाय, बरोबर कोन म्हनून." आणि हसला. मीही हसलो.

त्याच साली तो परत गेल्यावर एक दिवस वहिनी एकट्याच आल्या. छातीत गाठ होती. डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात लगेच जायला सांगितलं.

"ते आले की जाऊ," वहिनी म्हणाल्या.

"अहो, ते उन्हाळ्यात येणार."

"मग उन्हाळ्यात. दुखनं थांबतं. आन् तितं इचारलं बरोबर कोन, तर काय सांगू?"

डॉक्टर रागावले. माझी बायको सोबत जायला तयार झाली. बबनला पत्र टाकतो म्हटलं, तर वहिनींनी आमची तोंडं गळ्याच्या शपथेनं बंद केली. बाई हटली नाही ती नाहीच. मला अजून राग येतो. कुणाचा, ते विचारू नका.

उन्हाळ्यात बबन रात्री उशिरा घरी आला आणि सकाळीच दवाखान्यात हजर, नेहमीसारखा दुखणी घेऊन. मी सुई भरली, हाळी दिली. "मी हाय." आवाज इतका खोल गेला होता की बबननं गॉगल काढून मागे पाहिलं. दंड उघडा ठेवून तसाच उठला.

"अगं, काय झालं तुला?"

"आदी तुमचं होऊ द्या," वहिनी म्हणाल्या.

त्याच दिवशी तो त्यांना मुंबईला घेऊन गेला. फार उशीर झाला होता. दिवाळीच्या आत वहिनी गेल्या.

बबन पुन्हा मस्कतला गेला नाही. वहिनींबरोबर कार्डही संपलं, पण सकाळी तो दवाखान्यात येऊन बाकावर बसायचा. गॉगल नाही, इस्त्री नाही. डॉक्टरांनी त्याला कधी हटकलं नाही. कुणी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणालं, की हा उसळायचा, "आजच दाखव रं. ते थांबत नाय."

एकदा कशेळ्याकडच्या वाडीवरची, नुकतीच कामाला लागलेली एक बाई तापानं लटलटत एकटीच आली. मी सुई भरली आणि सवयीनं ओरडलो, "बरोबर कोण?" ती बावरून दाराकडे बघायला लागली. तिच्याबरोबर कुणीच नव्हतं.

"मी हाय," बाहेरून आवाज आला.

बबन बाकावर एका कडेला सरकला होता. शेजारची जागा त्यानं हातानं झटकून ठेवली होती.

"ये गं बाय, इतं बस," तो म्हणाला. "चक्कर आली तर सांग."