जिन्याच्या वळणावरचा निरोप्या

जिन्याच्या वळणावर शहाणी माणसं कुंडी ठेवतात. या गृहस्थाने तिथे आपलं टेबल मांडलं होतं. वर बायकोची खोली. ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची. खाली आईची खोली. आई सध्या 'राहून बघायला' आली होती. जमलं तर कायमची राहणार, नाहीतर आपल्या घरी परत. तिची बॅग पलंगाखाली अजून भरलेलीच होती, आणि ती एकदाची रिकामी व्हावी, याखेरीज त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

तो संगणकावरची पुस्तकं लिहायचा. वळणावरच्या खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर उतरलं की त्याचे डोळे आपोआप मिटत आणि आई, बायको, पुस्तक सगळं एकमेकांत विरघळून जाई. अशाच एका दुपारी संपादिकेचा फोन आला.

"झोपला होतात का?"

"विचार करत होतो."

"मग आता याचा करा. तुमच्या रिव्हर्स प्रॉक्सीच्या उदाहरणात घोळ आहे."

रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे दारावरचा रखवालदार समजा. बाहेरच्यांची मागणी ऐकायची, आतल्या सर्व्हरला पोचवायची आणि उत्तर बाहेर आणून द्यायचं. प्रत्येक मागणीवर हेडर नावाच्या चिठ्ठ्या असतात: कोण मागतंय, कसं उत्तर हवंय, वगैरे. याच्या उदाहरणातला रखवालदार त्या चिठ्ठ्या फाडून टाकायचा आणि आत जाऊन बिनदिक्कत सांगायचा, मलाच हवंय.

"आतल्या बिचाऱ्या सर्व्हरला वाटतं, सगळं जग गप्प आहे आणि हा एकटाच भुणभुण करतोय," संपादिका म्हणाली. "आज पानं छपाईला जायची आहेत. तेवढं निस्तरा."

त्याने निस्तरलं. येईल ती चिठ्ठी आता जशीच्या तशी आत, काना-मात्रासुद्धा न बदलता. दुरुस्ती पाठवून तो उन्हात हनुवटी टेकून बसला, आणि त्या गुंगीत त्याला साक्षात्कार झाला की तो रखवालदार आपणच आहोत.

खोटं नव्हतं ते. आईचे गुडघे दुखायचे म्हणून ती वर चढत नसे, बायकोचे हात प्लास्टरने भरलेले म्हणून ती खाली येत नसे. निरोप सगळे याच्या हाती. आई म्हणायची, "तिचं ते घासायचं यंत्र जरा थांबव म्हणावं." हा वर जाऊन सांगायचा, "माझं डोकं दुखतंय गं, यंत्र थांबव." बायको म्हणायची, "आईंचा रेडिओ अगदी कानात घुसतो." हा खाली जाऊन सांगायचा, "आई, मला काही सुचत नाहीये, रेडिओ बारीक कर." घरात शांतता होती. पण ही शुद्ध लबाडी आहे, असं त्याला त्या सोनेरी गुंगीत फार मनापासून वाटलं. माणसाला पोटभर जेवण झालं की तत्त्वं आठवतात, त्यातलाच प्रकार.

तेवढ्यात खालून हाक आली. "अरे, ते यंत्र थांबव म्हणावं तिला. डोक्यावर गिरणी चालल्यासारखं वाटतंय. आणि मी म्हटलं असं सांगू नकोस हो."

तो तरंगत वर गेला. "आई म्हणते, 'अरे, ते यंत्र थांबव म्हणावं तिला. डोक्यावर गिरणी चालल्यासारखं वाटतंय. आणि मी म्हटलं असं सांगू नकोस हो.'"

बायकोच्या हातातली कवळी तशीच आ वासून राहिली. "असं म्हणाल्या?"

"शब्दन् शब्द."

"मग त्यांना सांग, दिवसभर रेडिओ चालतो तेव्हा मी ब्र काढत नाही. आणि इतकं जड जात असेल तर बॅग भरलेलीच आहे." मग तिनेच जीभ चावली. "नको, ते बॅगेचं सांगू नकोस. रागात बोलले मी."

त्याने खाली जाऊन बॅगेचं सांगितलं. ते सांगू नकोस, रागात बोलले, हेही सांगितलं. काही म्हणजे काही गाळलं नाही.

आईने रेडिओ बंद केला. वाकून पलंगाखालची बॅग ओढली आणि म्हणाली, "गाडी बोलाव."

आता मात्र त्याची गुंगी खाडकन उतरली. वळणावर फोन वाजत होता म्हणून तो वर धावला.

"अहो, हे काय केलंत?" संपादिका विचारत होती. "आता तुमचा रखवालदार सगळंच आत पाठवतोय. काही हेडर फक्त त्याच्यासाठी असतात. त्याने वाचायचे आणि दाराशीच ठेवायचे."

"हे आधी नाही का सांगायचं?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"एवढं काय त्यात? दोन-चार ओळींचं काम आहे."

"इथे माझी आई घर सोडून चाललीय."

"बरं, संध्याकाळपर्यंत पाठवलंत तरी चालेल," संपादिका म्हणाली.

बॅग ओढल्याचा आवाज वरपर्यंत गेला होता. बायको पांढऱ्या हातांनी खाली उतरली. आणि खालून कठडा धरून, एकेका पायरीला थांबत, आई वर आली. दोघी त्याच्या टेबलापाशी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"रेडिओचा त्रास होत होता तर सांगायचं नाहीस का, बाळा?"

"रोज सांगत होते, आई. याच्यापाशी."

"हा तर म्हणायचा, मला सुचत नाही. मी म्हणायचे, या किरकिऱ्यापाशी पोर एकटी कशी राहते? तुझी कीव येऊन राहिले होते मी इथे."

"आणि मी याच्या रोजच्या डोकेदुखीबद्दल आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दाढ काढून बघू."

दोघींनी सावकाश त्याच्याकडे पाहिलं.

"लहानपणी शेजारची भिंत पाडत होते तेव्हा हा घोरत पडला होता," आई म्हणाली. "याला कसला आलाय आवाजाचा त्रास." बायकोला हसू फुटलं. तिने आधारासाठी आईचा खांदा धरला, तिथे पांढरा पंजा उमटला, आणि मग आईलाही हसू आवरेना. हा मात्र रडत होता, आणि तसं त्याने सांगूनही टाकलं.

संध्याकाळी रखवालदाराची दुरुस्ती गेली आणि बॅग रिकामी झाली. टेबलाची रवानगी वळणालगतच्या मागच्या खोलीत झाली. वळणावर आता आईची खुर्ची आहे. गुडघ्यांना तेवढं अंतर जमतं, आणि यंत्र थांबलं की बायको तिथे येऊन पायरीवर बसते.

परवा दुपारी असंच ऊन उतरलं होतं आणि तो नव्या प्रकरणात रंगला होता. बायको दारात आली. "ऐक ना, माझं डोकं दुखतंय. कीबोर्ड जरा हळू बडव."

तिच्या मागे, वळणावरच्या खुर्चीत, आई फार लक्ष देऊन खिडकीबाहेर बघत होती.

चिठ्ठी फाडलेली आहे, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. "बडवतो हळू," तो म्हणाला, आणि त्याने समाधानाने डोळे मिटून घेतले.