गुन्हा कुणाच्या चहाचा?

टीव्हीवर बातमी लागली तेव्हा रुफिना झेर्पा क्लबच्या कँटीनमध्ये एम्पानादा, म्हणजे आमच्या खिम्याच्या करंज्या, तळत होती, आणि त्या एम्पानादा करपून काळ्या ठिक्कर झाल्या तरी तिला पत्ता लागला नाही. रुफिनाच्या हातून काही करपलेलं काचीपांपा गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे धूर बघून क्लबचे अध्यक्ष सेगुंदो तोलाबा पाण्याची बादली घेऊनच आत शिरले.

"आग कुठंय?" त्यांनी विचारलं.

रुफिनानं नुसतं टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्यावर आमचा एलियास होता. एलियास व्हिल्ते, काचीपांपाचा, याच क्लबच्या एकुलत्या एक टेनिस कोर्टावर रॅकेट धरायला शिकलेला. हे कोर्ट म्हणजे एक करमणूकच आहे. रोज दुपारी वारा सुटतो आणि कोर्टाची लाल माती उचलून चर्चच्या दारात नेऊन टाकतो, आणि रोज सकाळी सेगुंदो ती ढकलगाडीतून परत आणतात. अशा कोर्टावर शिकलेला मुलगा पॅरिसला खेळायला गेला, तेव्हा गावानं रस्त्यावर टेबलं मांडून दोन बकरे भाजले होते. तो पहिल्याच फेरीत हरला, पण बकरे आधीच भाजून झाले होते.

आता बातमीवाली सांगत होती, की एलियास व्हिल्ते उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी ठरला असून त्याला खेळायला बंदी केली आहे. त्याच्या शरीरात बंदी असलेला पदार्थ सापडला. कुठला पदार्थ, ते ती बोलली नाही. लगेच हवामान सुरू झालं.

"मशीन बिघडलं असणार," सेगुंदो म्हणाले.

"कुठलं मशीन?"

"तपासायचं मशीन गं! ग्रिंगोंचं, गोऱ्या परदेश्यांचं. आणि यात बुएनोस आयर्सवाल्यांचा हात आहे, हे मी आत्ताच लिहून देतो. डोंगरातलं पोरगं पुढे गेलेलं त्यांना कधी बघवलंय?" बोलता बोलता त्यांनी बादली टेबलावर ठेवली आणि स्वतः खुर्चीत कोसळले. "माझं पोरगं असं करायचं नाही, दोन्या रुफिना. सहा वर्षांचा असल्यापासून ओळखतो मी त्याला. बॉल बाहेर पडला तर स्वतःविरुद्ध ओरडायचा तो." आमच्याकडे मानानं हाक मारायची तर बाईला दोन्या म्हणतात आणि पुरुषाला डॉन.

रुफिनानं गॅस बंद केला आणि कडेच्या बाकावर बसली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"मशीन बिघडलेलं नाही, डॉन सेगुंदो," ती म्हणाली. "मी बिघडवलंय सगळं."

मग तिनं सांगितलं. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला आमच्याकडे पाचामामाचा, म्हणजे धरणीआईचा सण असतो. जमिनीत खड्डा करून तिला जेवू घालतात, दारू पाजतात, कोकाची पानं देतात, आणि तिच्याबरोबर स्वतःही चघळतात. या वर्षी एलियास सणाला घरी आला होता. किती तरी दिवस समुद्राकाठी राहून तो एकदम एवढ्या उंचावर आला, आणि विरळ हवेनं त्याचं डोकं असं चढलं की डोळे उघडवेनात. आता आमच्याकडे डोकं चढलं की कोकाच्या पानांचा चहा. याला दुसरा उपाय कुणी शोधला नाही, कारण कुणाला गरजच पडली नाही. पण एलियासनं आल्याआल्याच सांगितलं होतं, की बाकी काहीही द्या, कोका मात्र नको. कोकेन याच पानांपासून करतात, म्हणून त्यांच्या नियमात ते बसत नाही.

"कप हातात घेऊन त्यानं मला विचारलं," रुफिना म्हणाली, "'मावशी, यात कोका नाही ना?' मी म्हटलं, 'नाही रे राजा, बडीशेप आहे.' मूठभर कोका घातला होता मी, डॉन सेगुंदो. मूठभर! डोकं दुखत होतं हो त्याचं! तो प्यायला, माझ्याकडे बघून हसला आणि झोपला. माझ्यावर विश्वास ठेवून प्यायला तो."

एलियासची आई तो चार वर्षांचा असताना गेली. बाप खाणीत कामाला. शाळा सुटली की पोरगं या कँटीनमध्ये याच बाकावर बसून जेवायचं. रुफिनाला स्वतःचं मूल नाही. त्यामुळे ती रडायला लागली तेव्हा सेगुंदोंनी बादलीत रुमाल बुडवून तिच्या हातात दिला.

"रडू नकोस," ते म्हणाले. "तुझ्या चहानं झालं नाही ते. माझ्यामुळे झालंय."

"तुमच्यामुळे?"

"खड्ड्यापाशी मी त्याच्या गालात पान ठेवलं. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, असा रिकाम्या तोंडानं उभा राहिलास तर धरणीआई रागावेल, आणि क्लबच्या कोर्टाला पुन्हा पाऊस लागायचा नाही. नंतर थुंकला म्हणा तो. पण उशिरा थुंकला!"

एवढ्यात दारातून नेल्ली लामास आत आली. नेल्ली एलियासची सख्खी मावशी, आणि गावातली एकमेव केस कापणारी. तिच्या आरशाच्या वर एलियासचा असा मोठा फोटो आहे, की केस कापून घेताना माणसाला स्वतःऐवजी त्याच्याकडेच बघावं लागतं. ती एका बाईचे अर्धे केस तसेच सोडून धावत आली होती. ती बाईही मागोमाग आली.

"ऐकलंत ना?" नेल्लीला धाप लागली होती. "माझ्या केकनं झालं हे! कोकाचं पीठ घातलं होतं मी त्यात. त्याला म्हटलं, पालक आहे."

"पालकाचा केक?" सेगुंदो म्हणाले.

"हिरवा दिसत होता, मग दुसरं काय सांगू?"

रुफिना डोळे पुसून उठली. "नेल्ली, तुझ्या केकनं काही झालेलं नाही. माझा चहा होता तो."

"तुझा चहा?" नेल्ली म्हणाली. "तुझा तो पाणचट चहा पिऊन माणसाची जांभई जात नाही, तो चाचणी कसली नापास करतोय!"

"आणि तुझा केक त्यानं कुत्र्याला घातला! मी डोळ्यांनी बघितलंय."

"खोटारडी! सख्खी मावशी मी आहे त्याची!"

"सख्खी असशील. पण डोकं दुखायला लागल्यावर तो माझ्या दारात आला!"

दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटणार असं दिसल्यावर सेगुंदो मध्ये पडले. पोराचं नाव धुळीला मिळालं होतं, आणि या दोघी ते कुणी मिळवलं यावरून भांडत होत्या. पण आम्ही त्यांना हसायचं कुठल्या तोंडानं? संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावानं छातीला हात लावून सांगितलं, की त्या दिवशी मीही त्याला काहीतरी दिलं होतं. बेकरीवाल्यानं दिलं होतं, चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यानं दिलं होतं. शाळेच्या बाईंनी तर सरबतात घातलं होतं, आणि वर त्याला खोटं न बोलण्याबद्दल दोन शब्दही ऐकवले होते.

एलियासचा फोन बंद होता. रुफिना दर थोड्या वेळानं लावायची, आणि दर वेळी ती ध्वनिमुद्रित बाई सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. रुफिनानं त्या बाईलाच सगळं सांगून टाकलं. बडीशेपेचं, मुठीचं, हसून झोपल्याचं. "त्याला तेवढं कळवा हो ताई," ती म्हणायची. तिनं जेवण सोडलं. कँटीनमध्ये चहा करणंही बंद केलं. माझ्या हातचं आता कुणी पिऊ नका, म्हणाली.

तिची ही दशा सेगुंदोंना बघवेना, आणि सेगुंदोंना काही बघवेनासं झालं की त्यांच्या डोक्यात योजना येते. गावाचं आजवर जे काही नुकसान झालंय ते याच मार्गानं झालंय.

"आपण सिद्ध करायचं," क्लबच्या सभेत ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "की काचीपांपात चार दिवस राहिलेला कुठलाही माणूस ही चाचणी नापास होतो! यात एलियासचा काय दोष? सगळ्या गावानं नमुने द्यायचे आणि टेनिसच्या ऑफिसात पाठवायचे. तपासा म्हणावं किती तपासायचं ते!"

"कसले नमुने?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"एलियासचा घेतला तसले."

मग नेल्ली उठली आणि म्हणाली, "पहिला माझा."

"पहिला माझा!" रुफिना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्लबबाहेर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात पीचच्या मोरंब्याची रिकामी बाटली, म्हणजे रांगेत येईपर्यंत रिकामी न राहिलेली. फादरनी आपली बाटली कागदी पिशवीत गुंडाळून दिली आणि नाव न लिहिण्याची विनंती केली. एका म्हाताऱ्यानं स्वतःला जमेना म्हणून गोठ्यातल्या लामाची, म्हणजे आमच्याकडच्या लोकरीच्या जनावराची, आणली. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंनी ते सगळं ठेवून घ्यायला साफ नकार दिला.

"ठेवू कुठे हे? लसींच्या फ्रिजमध्ये?" त्या कडाडल्या. "वेड लागलंय का तुम्हाला, डॉन सेगुंदो?"

"पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, बाई."

नर्सबाई आत गेल्या आणि स्वतःची बाटली घेऊन आल्या.

खोकी दुपारच्या बसनं राजधानीला निघाली. ड्रायव्हरनं काय आहे विचारलं तेव्हा सेगुंदोंनी 'मोरंबा' सांगितलं. आता आमच्या रस्त्यावर सरहद्दीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीची नाक्यावर अमली पदार्थांसाठी झडती होते, आणि झडतीला कुत्रा असतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सेगुंदोंनाही ठाऊक होतं. पण माणूस जीव तोडून काही करत असतो तेव्हा नेमकं ठाऊक असलेलंच त्याला आठवत नाही. कुत्रा खोक्यांपाशी जाऊन बसला तो हलेना. शिपायांनी बस रिकामी केली. एकानं बाटली उघडून हुंगली आणि त्या दिवशी तो पुन्हा जेवला नाही म्हणतात. पण कुणाला कशासाठी धरावं ते त्यांच्या साहेबाला कळेना. मोरंबा म्हणून हे पाठवणं कुठल्या कलमात बसतं, ते पुस्तकात नव्हतं. तोवर बसमधल्या प्रवाशांनी फोटो काढले होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवाल्यांची गाडी काचीपांपात हजर झाली.

वार्ताहर मुलगी चुणचुणीत होती. तिनं रुफिनाला कँटीनच्या बाकावर बसवलं, माइक पुढे केला, आणि सगळा गाव मागे दाटीवाटीनं उभा राहिला. रुफिनानं सणाचा एप्रन घातला होता. घाबरली होती, पण आवाज चढवून बोलली.

"मी त्याला फसवलं. बडीशेप सांगून कोका पाजला. शिक्षा मला करा. त्याला खेळू द्या."

"आणि केक," नेल्ली मागून म्हणाली.

तेवढ्यात रुफिनाचा फोन वाजला. एलियासचा होता. तो आमचा सगळा तमाशा टीव्हीवर थेट बघत होता. रुफिनानं फोन सेगुंदोंना दिला, आणि त्यांनी तो सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"मावशी," एलियास म्हणाला. आवाज बसलेला होता. "हे थांबवा. तुमच्या चहाचा काही संबंध नाही."

"मूठभर होता, एली."

"मला माहीत आहे. मला चवीवरून कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून प्यायलो. पण त्यांना सापडलंय ते कोकाचं नाही. दुसरं आहे. सुईनं घेतात ते. आणि ती तपासणी सणाच्या आधीची, स्पेनमधली आहे."

सेगुंदो टेबलापाशी सरकले.

"मग कुणीतरी फसवून टोचली असणार," सेगुंदो म्हणाले. "तसंच आहे ना, पोरा? तुला माहीत नव्हतं."

"माहीत होतं, डॉन सेगुंदो. खांदा बरा होत नव्हता. मी हरत चाललो होतो. मीच मागितलं."

सेगुंदोंनी टोपी काढली आणि हातात धरून नुसतेच उभे राहिले. वास्तविक गावानं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. चहा निर्दोष सुटला, केक सुटला, धरणीआईचं पानही सुटलं. पण एवढ्या मोठ्या सुटकेचं करायचं काय, ते कुणालाच कळत नव्हतं. मला तर वाटलं, या पोरानं फोन केलाच नसता तर फार बरं झालं असतं. वार्ताहर मुलीनं कॅमेरावाल्याला खूण केली आणि कॅमेरा खाली आला.

रुफिना मात्र उठून फोनवर वाकली.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "तुला काय कळतंय? मी काय काय घातलं होतं ते मला माहीत. उकळून उकळून घातलं होतं. माझ्याच चहानं झालंय हे."

"मावशी, मी सांगतोय ना..."

"माझ्याच चहानं झालंय, एली!" आता ती अक्षरशः विनवत होती. "माझ्यावर घाल ना रे. मी म्हातारी आहे. मला कुठे खेळायचंय?"

तेव्हा नेल्ली गर्दीतून पुढे आली. केकबद्दल ती बोलणार असंच सगळ्यांना वाटलं. तिनं रुफिनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोनला म्हणाली, "एली, मी तुझी सख्खी मावशी सांगतेय. तिचाच चहा होता. एवढं ऐक तिचं."

एलियास बोलला तेव्हा त्याच्या आवाजात रडू होतं.

"हो, मावशी. तुमच्याच चहानं झालं."

"मग हे आधीच सांगायला काय झालं होतं तुला?" रुफिना म्हणाली, आणि एप्रन तोंडाला लावून तिथंच बाकावर बसली.